भट्टीचा राखणदार

आपल्याकडे थंडी पडली म्हणजे आपण गोधडी ओढून घेतो, शेकोटी पेटवतो आणि चार दिवस कुडकुडून काढतो. माघ सरला की गोधडी दोरीवर वाळत पडते. पण जगात असेही मुलूख आहेत, जिथे थंडी म्हणजे जिवाशी गाठ असते. अमेरिकेतील शिकागो शहरात २० जानेवारी १९८५ रोजी पारा शून्याच्या खाली जवळजवळ ३३ अंश उतरला होता. शून्य अंशाला पाण्याचा बर्फ होतो. त्याच्याही खाली ३३ अंश! कॅनडातील टोरांटो शहरातही हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांवर जातो. अशा ठिकाणी घर ऊबदार ठेवायला गॅसची भट्टी असते. तिकडचे लोक तिला फर्नेस म्हणतात. बहुधा ती तळघरात बसवलेली असते.

तुम्ही म्हणाल, “गुरुजी, तिकडची भट्टी जाणून आम्हाला काय करायचे?” प्रश्न रास्त आहे. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे, की आपल्या गावोगावची मुले तिकडे नोकरीला गेली आहेत आणि त्यांचे आईवडील महिनामहिना तिकडे जाऊन राहतात. दुसरे उत्तर याहून महत्त्वाचे आहे. त्या भट्टीत एक लहानसा राखणदार असतो. तो अडून बसला, तर त्याचे तोंड बंद करायचे की त्याचे म्हणणे ऐकायचे, हा प्रश्न तिकडच्या भट्टीपुरता नाही. आपल्या घरातही तो रोज उभा असतो.

जुनी भट्टी आणि नवी भट्टी

चूल पेटली की धूर वर जातो. का जातो? तो गरम असतो म्हणून. गरम हवा हलकी असते आणि वर चढते. म्हणून चुलीवर धुराडे ठेवले की धूर आपला आपण बाहेर पडतो. तिकडच्या जुन्या भट्ट्या अशाच होत्या. गॅस जळे, थोडी ऊब घरात येई आणि बाकीची धुराबरोबर धुराड्यातून आभाळात जाई. शंभर रुपयांचा गॅस जाळला, तर त्यातल्या तीसचाळीस रुपयांची ऊब वाया जाई.

नवी भट्टी काटकसरी आहे. ती धुरातली ऊबसुद्धा सोडत नाही. धूर एकामागून एक अशा नळ्यांतून फिरवला जातो. त्या नळ्यांवरून घरातली हवा जाते आणि ती तापते. फिरून फिरून धूर इतका गार होतो, की बाहेर पडताना तो जेमतेम ४०-५० अंशांचा असतो. म्हणून त्याला विटांचे धुराडे लागत नाही, प्लॅस्टिकची नळी पुरते. शंभर रुपयांच्या गॅसमधून ९५ रुपयांची ऊब घरात येते. कॅनडात जुलै २०१९ पासून घरगुती गॅसच्या नव्या भट्टीने निदान एवढे काम दिलेच पाहिजे, असा नियम आहे.

पण या काटकसरीतून दोन नवी कामे निघाली. ती नीट समजून घ्या, कारण पुढचे सारे दुखणे त्यांतूनच निघते.

पहिले काम धुराचे. धूर गार झाला म्हणजे तो आपला आपण वर चढत नाही. त्याला ओढून बाहेर ढकलावे लागते. त्यासाठी भट्टीत एक लहान पंखा असतो. त्याला आपण धूरपंखा म्हणू.

दुसरे काम पाण्याचे. गॅस जळताना वाफ तयार होते. गार भांड्यावर बाहेरून जसे पाण्याचे थेंब जमतात, तसे या वाफेचे गार नळ्यांत पाणी होते. मोठी भट्टी सतत चालली, तर तासाला दोनतीन लिटरही पाणी निघते. ते आंबट असते आणि लोखंडाला खाते. ते एका बारीक नळीतून मोरीत जाते. वाटेत हात धुण्याच्या बेसिनखाली असते तशी वाकडी नळी असते. तिच्यात पाणी अडून राहते, त्यामुळे पाणी जाते पण हवा जात-येत नाही.

धूर बाहेर गेलाच पाहिजे आणि पाणीही वाहून गेलेच पाहिजे. दोहोंपैकी एक अडले, की भट्टी थांबली पाहिजे. ती थांबवणारा जो, तोच आपला राखणदार. त्याचे नाव प्रेशर स्विच. प्रेशर म्हणजे दाब.

राखणदार काम कसे करतो?

शहाळ्याचे पाणी नळीने ओढताना तुमचे गाल आत जातात. तोंडातला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा गालांना आत ढकलते. नळी बुजलेली असेल तर ओढ वेगळी लागते, नळीला चीर असेल तर वेगळी लागते. न पाहताही ते तुम्हाला कळते.

प्रेशर स्विच म्हणजे तळहातावर मावेल एवढी चपटी गोल डबी. आत रबरासारखा पातळ पडदा असतो. डबीपासून एक रबरी नळी धूरपंख्याच्या बाजूला जाते. पंखा फिरू लागला की तो हवा ओढतो. ती ओढ नळीतून डबीत पोचते आणि पडदा गालासारखा आत जातो. पडदा पुरेसा आत गेला, की विजेची दोन टोके एकमेकांना टेकतात. याला ‘स्विच मिटला’ असे म्हणू. टोके सुटी असतील, तर ‘स्विच उघडा’ म्हणू.

ही ओढ किती असते? फार थोडी. आपल्या भोवतीची हवा पाण्याचा सुमारे ४०० इंच उंच खांब तोलून धरते. या राखणदाराला त्यातला एक इंच, कधी अर्धा इंचसुद्धा कळतो. त्याला किती इंच ओढ लागते, तो आकडा डबीवर छापलेला असतो.

भट्टीचा क्रम असा असतो :

१. खोली गार झाली, की भिंतीवरचे यंत्र भट्टीला निरोप देते.

२. भट्टी आधी राखणदाराकडे पाहते. पंखा बंद आहे, तेव्हा स्विच उघडाच असला पाहिजे. आधीच मिटलेला दिसला, तर काही लबाडी किंवा बिघाड आहे असे समजून भट्टी पुढे जात नाही.

३. स्विच उघडा असेल, तर धूरपंखा फिरू लागतो. ओढ तयार होते आणि स्विच मिटतो.

४. स्विच मिटला, की पेटवण्याची कांडी लाल होते. मग गॅस सुटतो आणि जाळ लागतो.

५. थोड्या वेळाने मोठा पंखा सुरू होतो आणि ऊबदार हवा घरभर जाते.

तिसऱ्या पायरीवर स्विच मिटला नाही, तर गॅस सुटतच नाही. भट्टी थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करते. काही वेळा प्रयत्न करून ती गप्प बसते. भट्टीच्या आत एक बारीक दिवा असतो. तो ठरावीक वेळा उघडझाप करतो. किती उघडझापींचा अर्थ काय, याची यादी बहुतेक भट्ट्यांच्या दाराला आतून चिकटवलेली असते. प्रत्येक कंपनीची यादी वेगळी असते, म्हणून ती वाचावी लागते. वाचता येण्याचा उपयोग असा मध्यरात्रीसुद्धा होतो.

एका घरातली गोष्ट

समजा, टोरांटोत एक मराठी कुटुंब आहे. साताऱ्याकडून आई आल्या आहेत. रात्री बर्फाचे वादळ झाले आणि पहाटे घर गार पडले. मुलगा तळघरात गेला. पंखा फिरतो आहे, पण जाळ लागत नाही. दिवा उघडझाप करतो आहे. त्याने यादी वाचली. ‘प्रेशर स्विच मिटत नाही.’

तो वर येऊन म्हणाला, “आई, तो स्विचच बिघडलाय. मला एकानं सांगितलंय, दोन वायरी एकमेकींना जोडल्या की भट्टी चालू होते. सकाळपर्यंत भागेल.”

आई म्हणाल्या, “अरे, पण तो स्विच कशासाठी बसवलाय?”

“धूर नीट बाहेर जातोय की नाही ते बघायला.”

“मग तो नाही म्हणतोय, तर धूर जात नसेल. आपल्या घरी धुराड्यावर पोतं पडलं होतं, तेव्हा घरभर धूर झाला होता. तेव्हा चुलीचा काय दोष होता? आधी बाहेर जाऊन नळी बघ.”

सूनबाई म्हणाली, “आई म्हणतात ते खरं आहे. नळी बाजूच्या भिंतीतून बाहेर निघते, आणि रात्री त्याच भिंतीला बर्फ साचलंय.”

मुलाने भट्टीचे बटण बंद केले, कोट-बूट चढवले आणि फावडे घेऊन तो बाहेर गेला. दोन्ही नळ्यांची तोंडे बर्फात गाडली गेली होती. एका नळीतून भट्टीला हवा येते, दुसरीतून धूर जातो. त्याने हळूहळू बर्फ काढला आणि नळ्यांभोवतीची जागा मोकळी केली. आत येऊन बटण चालू केले. पंखा फिरला, कांडी लाल झाली आणि जाळ लागला.

स्विच बिघडला नव्हता. तो खरे बोलत होता. वायरी जोडल्या असत्या, तर भट्टी पेटली असती आणि धूर कोंडला असता. त्या धुरात काय असते, ते पुढे पाहू.

दोष शोधायचा कसा?

आपल्यात म्हण आहे, रोग रेड्याला नि औषध पखालीला. स्विचचा इशारा दिसला, की लोक नवा स्विच आणून बसवतात. पैसे जातात आणि भट्टी पुन्हा अडते. कारण बहुतेक वेळा रोग दुसरीकडे असतो. म्हणून क्रमाने पाहावे.

आधी बाहेरच्या नळ्या. बर्फ, पाचोळा, पाखराचे घरटे, काहीही अडलेले असू शकते. घरच्या माणसाने एवढे जरूर पाहावे.

मग पाणी. पाणी वाहून नेणारी नळी गाळाने बुजली, किंवा थंडीने आतल्या आत गोठली, तर पाणी भट्टीत मागे साचते. धुराची वाट पाण्याने भरते आणि ओढ कमी होते. पंखा फिरताना आतून गुळगुळ असा आवाज आला, तर पाण्याचा संशय घ्यावा.

यापुढचे काम जाणत्या माणसाचे. ओंटारियो प्रांतात गॅसच्या भट्टीचे काम परवाना असलेल्या गॅसफिटरनेच करायचे असते. पण तो काय करतो, हे आपल्याला कळले पाहिजे. म्हणजे कोणी उगीच नवा स्विच गळ्यात मारणार नाही.

तो रबरी नळी पाहतो. ती तडकली असेल, सैल झाली असेल किंवा तिच्यात पाणी शिरले असेल, तर ओढ डबीपर्यंत पोचत नाही. नळी जिथे बसते ते बारीक भोक गंजाने किंवा मळाने बुजलेले असते. ते तो साफ करतो. नळी डबीला लावलेली असताना तिच्यात फुंकर मारत नाहीत, कारण पडदा फाटतो. मग तो धूरपंखा पाहतो. पंखा थकला असेल, त्याचे पाते मोडले असेल, तर तो फिरतो पण पुरेसे ओढत नाही.

राखणदार खरे बोलतो की खोटे, हे ठरवायची कसोटी सोपी आहे. दोन भिंतींची पातळी जुळवताना गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतो. ती नळी पाळण्याच्या दोरीसारखी वाकवून धरली, की दोन्ही बाजूंचे पाणी एका रेषेत येते. आता तिच्या एका तोंडाने हवा ओढली, तर त्या बाजूचे पाणी चढते आणि दुसरीकडचे उतरते. दोन पातळ्यांत जितक्या इंचांचा फरक, तितकी ओढ. गॅसफिटरजवळ याच तत्त्वाचे मापक असते. रबरी नळीला फाटा जोडून तो पंखा चालू असताना ओढ मोजतो. मग डबीवरचा आकडा पाहतो.

समजा, डबीवर ०.६० इंच लिहिले आहे आणि मापकात ०.३० इंच दिसले. म्हणजे ओढच कमी आहे. स्विच बरोबर आहे, दोष वाटेत शोधा. समजा, मापकात १ इंच दिसला आणि तरी स्विच मिटत नाही. म्हणजे ओढ भरपूर आहे, पण राखणदाराला ती कळत नाही. आता स्विच बदला. स्विच मिटला की नाही, ते विजेच्या मीटरने कळते. भट्टी ऊब मागत असताना त्याच्या दोन टोकांमध्ये २४ व्होल्ट दिसले, तर तो उघडा आहे. जवळजवळ शून्य दिसले, तर तो मिटलेला आहे.

आधी मोजायचे आणि मग दोष द्यायचा, हा नियम यंत्रालाही लागू आहे आणि माणसालाही.

धुरातले विष

गॅसला पुरेशी हवा मिळाली, तर तो पुरता जळतो. त्यातून कार्बन डायॉक्साइड आणि वाफ निघते. हवा कमी पडली किंवा धूर कोंडला, तर तो अर्धवट जळतो. मग कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होतो. हा वायू दिसत नाही. त्याला वास नाही. त्याने डोळे चुरचुरत नाहीत की खोकला येत नाही. लाकडाचा धूर आपल्याला सावध तरी करतो. हा काहीच सांगत नाही.

आपले रक्त फुप्फुसातून प्राणवायू उचलून सर्व अंगाला पोचवते. पण हा विषारी वायू रक्ताला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. रक्ताची जागा तो अडवून बसतो. माणूस श्वास घेत असतो, पण प्राणवायू अंगात पोचत नाही. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, हातपाय गळतात. झोपलेला माणूस झोपेतच जातो. घरातल्या सगळ्यांचे एकाच वेळी डोके दुखू लागले आणि अंगणात गेल्यावर बरे वाटले, तर या विषाचा संशय घ्यावा.

जॉन स्कॉट हाल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या वायूचा कसून अभ्यास केला. कोळशाच्या खाणीत उतरताना पिंजऱ्यातले लहान पाखरू बरोबर न्यावे, असे त्याने सुचवले. माणसाच्या आधी पाखराला विष बाधते आणि माणसे सावध होतात. आज पाखराचे काम विजेवरचे यंत्र करते. हा वायू आला की ते मोठ्याने कर्णा वाजवते. गॅसची भट्टी असलेल्या घरात झोपायच्या खोल्यांजवळ ते यंत्र हवेच. ओंटारियो प्रांतात २०१४ पासून ते कायद्यानेच सक्तीचे आहे.

कर्णा वाजला, तर कारण शोधत बसू नये. सर्वांनी बाहेर पडावे, कोण राहिले ते मोजावे आणि बाहेरून मदत बोलवावी. तिकडे ९११ हा क्रमांक आहे, आपल्याकडे ११२.

भट्टी बंद पडली म्हणून घरात कोळशाची शेगडी पेटवू नये. स्वयंपाकाच्या गॅसच्या भट्टीने खोली तापवू नये. सर्वांनी एका खोलीत बसावे, अंगावर लोकरीचे कपडे घालावेत, विजेचा हीटर लावावा आणि गॅसफिटरला बोलवावे.

आपल्या घरातले राखणदार

आता आपल्याकडे पाहा. फ्यूज गेला, की त्यात जाड तार घालणारे लोक तुम्ही पाहिले असतील. दिवा लगेच लागतो. पण पुढच्या वेळी फ्यूज वितळत नाही, भिंतीतली वायर पेटते. कुकरची सुरक्षा झडप सारखी उडते म्हणून ती घट्ट बुजवणारेही असतात. शिट्टीचे भोक बुजले आहे, हे ती झडप सांगत असते.

आणि ते विष तर आपल्याकडेही आहे. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर चालू ठेवून, किंवा थंडीच्या रात्री दारेखिडक्या लावून आत शेगडी ठेवून माणसे दगावली आहेत. गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. त्याचा धूर नळीने बाहेर काढावा. शेगडी पेटवायची तर अंगणात पेटवावी आणि झोपायच्या खोलीत नेऊ नये.

यंत्र अडले, म्हणजे आपल्याला राग येतो. थंडीत, घाईत, रात्री तर फारच येतो. अशा वेळी आधी एक प्रश्न विचारावा. हे यंत्र बिघडले आहे, की ते मला काही सांगते आहे? बहुतेक वेळा ते सांगत असते. राखणदार ओरडला, तर त्याच्या तोंडात बोळा घालू नये. कंदील घेऊन दाराबाहेर काय आहे ते पाहावे.

नवे शब्द

धूरपंखा – धूर ओढून बाहेर ढकलणारा पंखा
मापक – मोजण्याचे साधन
झडप – दाब वाढला की उघडणारे लहान दार
परवाना – काम करण्याची सरकारी परवानगी
दगावणे – मरण पावणे

वाचा, विचार करा आणि सांगा

१. नव्या भट्टीला धूरपंखा का लागतो? चुलीला का लागत नाही?
२. डबीवर ०.६० इंच लिहिले आहे. मापकात ०.४० इंच ओढ दिसते. स्विच बदलावा का? तुमच्या उत्तराचे कारण सांगा.
३. पंखा बंद असताना स्विच मिटलेला दिसला, तर भट्टी पुढे का जात नाही?
४. कार्बन मोनॉक्साइड लाकडाच्या धुरापेक्षा अधिक घातक का?
५. तुमच्या घरात असे राखणदार कोणकोणते आहेत? त्यांची यादी लिहा. त्यांतला एखादा कोणी बांधून किंवा बुजवून ठेवला आहे का, ते आजच पाहा.